सुटलेले हात

बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी आम्हाला माणूस उचलायला शिकवलं, तेव्हा मला हसू आवरेना. आरमोरीकडच्या एका लहानशा दवाखान्यात मी नवीन नर्स होते. बालपण सगळं शेतात, धानाच्या बांधीत गेलेलं. कापणीत बायांच्या डोक्यावर भारे चढवून हात तयार झालेले. मला काय शिकवता, असं वाटायचं. गुडघे वाकवा, ओझं अंगाशी घ्या, एकट्यानं उचलू नका, ठेवतानाही दोघं मिळून ठेवा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

वॉर्डातली आया मात्र पुढं बसून मन लावून ऐकत होती. रोजंदारीवरची बाई, पाठ धड तोवरच काम, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठवडाही झाला नसेल. बांबू तोडताना पाय मोडलेला एक धिप्पाड माणूस गावकऱ्यांनी खाटेवर घालून आणला. त्याला पलंगावर घ्यायचं होतं. आया खांद्यांकडे, मी कमरेशी. उचललं. भार तिच्याकडे गेल्याचं जाणवलं आणि माझे हात सुटले. भारा दुसरीच्या डोक्यावर बसला की आपण हात काढून घेतो, अगदी तसे. तिनं त्याला पडू दिलं नाही. पलंगावर ठेवलं, मग खाली बसली आणि तिला उठता येईना.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी एकटीनंच उचललं, साहेब. सिस्टरले आवाज नाई देल्ला."

माझी नोकरी अजून पक्की नव्हती, म्हणून ती खोटं बोलली. डॉक्टर रागावतील आणि सोडून देतील, असं तिला वाटलं असावं. पण शिकवूनही एकटीनं उचललं, ही चूक तिची ठरली. महिन्याभरात तिच्या जागी दुसरी आली. मी गप्प बसले. भित्री होते, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर पेशंट उचलला की माझी बोटं चादरीत रुतून बसत. ठेवल्यावरही सुटत नसत. वॉर्डात कुणीही कण्हलं तरी तीच कण्हतेय असं वाटे. अजूनही वाटतं.

दोनेक वर्षांनी ती बाजारात दिसली. कमरेत वाकलेली, पुढ्यात वांग्यांची टोपली. "बस ना व पोरी," म्हणाली. घरच्यांची चौकशी केली. आज सांगायचंच, असं ठरवून मी बसून राहिले, आणि बाजार उठेपर्यंत काही बोलले नाही. शेवटी टोपली उचलून द्यायला वाकले. तिनं माझे हात हळूच बाजूला केले.

"राहू दे," म्हणाली, आणि पलीकडच्या म्हातारीला हाक मारली.