एकशे बारा मनगटं आणि श्रावणभाऊंची चेन

मे महिन्यात चंद्रपूरचा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. कूलरपुढे बसतो आणि कूलरलाच शिव्या देतो. पण गेल्या मे महिन्यात श्रावण खोब्रागडे रोज दुपारी दोन वाजता ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या गेटबाहेर, मुखरूच्या चहाटपरीपाशी, शिंप्याची टेप घेऊन उभे असायचे आणि पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं मनगट धरायचे.

पहिल्या दिवशी मी, त्यांचा जुना सोबती आणि शेजारी, ते पाहिलं आणि हातातला चहा पायावर सांडला. उन्हानं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो हे मला माहीत होतं, पण श्रावणभाऊंसारख्या शिस्तीच्या माणसावर?

"काय जी श्रावणभाऊ, बेड्या घालून राह्यले का?" मुखरूने गाळणी आपटत विचारलं.

"बेड्याच समज. पण स्टीलच्या, पॉलिश केलेल्या. आण तुझा हात."

"माह्या हातात घड्याळ नाई, भाऊ."

"हात आहे ना? तेवढं पुरे."

श्रावणभाऊ वीज केंद्रात टर्बाइनचे फिटर होते. तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं : दोन लोखंडी वस्तूंच्या मधली फट मोजायची आणि ती जेवढी हवी तेवढीच ठेवायची. निवृत्त झाल्यावर शहरातल्या तुकूम भागात घर बांधलं तेव्हा गवंड्याने लावलेल्या दारांच्या फटी त्यांनी पातीच्या गेजने मोजल्या. गवंडी दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

निवृत्तीच्या समारंभात त्यांना एक घड्याळ मिळालं. जुन्या धाटणीचं, गोल, चावीचं, दिसायला पन्नास वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या हातातलं वाटावं असं. त्याचा चामडी पट्टा चंद्रपूरच्या घामात एका उन्हाळ्यात कुजला. मग त्यांनी बाजारातून स्टीलची चेन आणून बसवली. त्या चेनच्या टोकाची कडी आणि घड्याळाची गोल कड यांच्यात फट राहत होती. त्या फटीत हातावरचे केस अडकायचे. तुम्ही-आम्ही केस उपटून घेतले असते. श्रावणभाऊंनी घरामागच्या शेडमध्ये जुनी लेथ आणून बसवली आणि स्वतःची चेन बनवली.

ती चेन मी पाहिली आहे. घड्याळाला लागते ती कडी अशी वळवलेली की केस सोडा, मधून उजेडसुद्धा जाणार नाही. घड्याळाकडून बक्कलकडे येताना हलकेच निमुळती. आणि कड्या जुन्या पद्धतीप्रमाणे रिव्हेटने ठोकलेल्या, म्हणजे एकदा जोडल्या की काढता येत नाहीत.

त्यांची मुलगी रश्मी गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने सहज त्या चेनचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि आम्हाला धक्काच बसला. जुन्या घड्याळांसाठी जीव टाकणारी माणसं या देशात आहेत, आणि ती घड्याळापेक्षा चेनची चौकशी जास्त करतात! महिन्याभरात बंगळूरच्या एका छोट्या कंपनीचा फोन आला. ही कंपनी जुन्या धाटणीची नवी घड्याळं बनवते. फोन करणारा प्रणित मूळचा नागपूरचा.

"काका, आमच्या घड्याळासाठी चेन डिझाइन कराल? नमुने आवडले तर प्रत्येक घड्याळाला तुमचीच चेन लावू. लहान, मध्यम, मोठी, अशी तीन मापं हवी."

श्रावणभाऊ आठ दिवस जमिनीवर नव्हते. आपल्या हातची वस्तू अनोळखी माणसांच्या मनगटावर जाणार, याचं त्यांना जेवढं वेड लागलं तेवढं मी त्यांना पगारवाढीचंही लागलेलं पाहिलं नव्हतं. आणि माप म्हटल्यावर अंदाज हा शब्द त्यांना चालणारच नव्हता. म्हणून ती टेप, म्हणून ती टपरी. मे महिना संपला तेव्हा त्यांच्या वहीत एकशे बारा मनगटं होती. त्यात माझंही होतं, शहाऐंशीव्या क्रमांकावर, शेरा : "घाम फार."

त्यांच्या बायकोने, सत्यशीलाबाईंनी, ती वही उलटसुलट करून पाहिली.

"हे सारे बाप्येच दिसून राह्यले."

"घड्याळ बाप्यांचं आहे, त बायांचे हात कायले मोजू?"

"मी कुठी काय म्हटलं?" म्हणून त्यांनी वही ठेवली आणि पोळ्या लाटायला गेल्या. तो आवाज मी इतरही घरांत ऐकला आहे. त्यानंतर शांतता होते, पण ती बरी नसते.

एकशे बारा मनगटांचे तीन गट पाडून, प्रत्येक गटाची सरासरी काढून श्रावणभाऊंनी तीन मापं ठरवली. बक्कल एकाच जागी लागणारं, मागेपुढे करायला भोकं नाहीत. "भोकं पाडते तो, ज्याले माप घेता येत नाई," असं ते म्हणायचे. पावसाळाभर लेथ चालली. नोव्हेंबरात सहा नमुने बंगळूरला गेले आणि सहाव्या दिवशी प्रणितचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो.

"काका, फिनिश एक नंबर आहे. पण सहाही जणांना ढिली होते."

"कोणाले?"

"सगळ्यांनाच. बारक्याला लहान, आडव्याला मोठी, तुमच्या तक्त्याप्रमाणेच दिली. आमचे साहेब हात वर करून बोलत होते, तर घड्याळ कोपराकडे निघालं."

श्रावणभाऊंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कोणी त्यांना सांगितलं असतं की तुझी जन्मतारीख चुकली आहे, तरी ते इतके हादरले नसते.

"तुमच्याकडचे लोकं जेवत नाई का?"

"जेवतात, काका. जानेवारीअखेरपर्यंत दुरुस्त करता आलं तर पाहा. त्यानंतर आम्हाला दुसरीकडे द्यावं लागेल."

फोन ठेवला आणि त्यांनी राहिलेल्या चेन काढून मोजल्या. माप बरोबर. पुन्हा मोजल्या. बरोबर. मग दोन आठवडे ते बंगळूरच्या माणसांच्या प्रकृतीबद्दल बोलत राहिले. "भातानं असं होते," म्हणाले. आमच्याकडे गडचिरोलीपर्यंत माणसं तिन्ही त्रिकाळ भातच खातात, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

डिसेंबरात ते रश्मीकडे एटापल्लीला गेले. सकाळी हातपंपावर तोंड धुवायला वाकले, जंगलातली थंडी, पाणी बर्फासारखं, आणि बादलीत टप्पकन काहीतरी पडलं. पाहतात तर त्यांचंच घड्याळ, त्यांच्याच चेनसकट. भर उन्हाळ्यात स्वतःच्या हातावर गेजच्या पातीइतकं अचूक बसवलेलं. रश्मी सांगते, बाबा पाच मिनिटं नुसते बादलीकडे बघत उभे होते. मागे रांगेतल्या सोमारीबाई वैतागल्या, "पानी भरू द्या नं, बाबा!"

ते त्याच दिवशीच्या बसने परत आले आणि घरी न जाता थेट मुखरूच्या टपरीवर. टेप काढली.

"मुखरू, हात दे. तू बारीक झाला."

"म्या? बायको त म्हनते, रेडा झाला."

मुखरू दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरला. मग माझा हात घेतला. मीही दोन सूत कमी. मी मनातून खूश झालो. सहा महिन्यांच्या डाएटला फळ आलं असं समजून मी लगेच भजी मागवली. पण संध्याकाळपर्यंत जे जे कोणी सापडले ते सगळे दोन-अडीच सूत कमी भरले. अख्खं ऊर्जानगर आक्रसलं होतं.

घरी येऊन त्यांनी ही बातमी सत्यशीलाबाईंना अशा आवाजात सांगितली, जणू गावात साथ आली आहे. बाई तांदूळ निवडत होत्या.

"मंग? थंडीत हात बारीकच होते."

"कोण सांगतलं?"

"कोण सांगाले पाह्यजे? ह्या बांगड्या पाहा." त्यांनी हात उचलला आणि बांगड्या सळसळत पुढे आल्या. "मे मंधी साबन लावून निघत नाई. आता भांडे घासता घासता गळतात. सकाळी वेगळ्या, सांजेले वेगळ्या. बांगड्यावाली उन्हाळ्यात माप घेतच नाई. म्हनते, बाई, श्रावणात ये."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही एकशे बारा जनाइले इचारलं. मले इचारलं का?"

श्रावणभाऊ खुर्चीत बसले ते बसलेच. टर्बाइनचा रोटर तापला की किती वाढतो, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. त्या वाढीसाठी फट सोडायची म्हणून तर त्यांना तेहतीस वर्षं पगार मिळाला. आणि भट्टीसारख्या उन्हात, आठ तास राबून निघालेल्या सुजलेल्या हातांची मापं घेताना, माणूसही तापून वाढतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही!

"लोखंडाले जेवढं समजून घेतलं," ते हळूच म्हणाले, "तेवढं..." बाईंनी तांदूळ बाजूला सारले आणि मापासाठी हात पुढे केला.

पुढचा महिनाभर सत्यशीलाबाईंचं मनगट दिवसातून चारदा मोजलं गेलं : उठल्यावर, चुलीपुढे, जेवणानंतर, झोपताना. त्यावरून बक्कलच्या पोटात लपलेली एक सरकती खिट्टी तयार झाली. तीन खाचा, एक उन्हाळ्याची, एक पावसाळ्याची, एक हिवाळ्याची. बाहेरून पाहणाऱ्याला चेन पन्नास वर्षांपूर्वीचीच वाटावी. पहिली खिट्टी सरकवायला टाचणी लागायची. बाईंनी ती टेबलावर टाकली.

"सैपाक करता करता मी टाचनी शोधू का?"

दुसरी नखाने सरकायची. नख तुटलं. तिसरी अंगठ्याने सरकायची, पण कणकेच्या हाताने अडकली. वीज केंद्रात मोठमोठ्या साहेबांनी श्रावणभाऊंचं काम तपासलं होतं, पण इतक्या वेळा कोणी परत पाठवलं नव्हतं. पाचवी खिट्टी बाईंनी कणकेच्या हाताने, पातेल्याकडे बघत, एका अंगठ्याने सरकवली आणि काहीच बोलल्या नाहीत. श्रावणभाऊंनी ओळखलं, पास.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नवे नमुने गेले. मग तीन आठवडे काहीच नाही. श्रावणभाऊंनी दाढी करणं सोडलं. फोन वाजला की ते उठायचे आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींना बंगळूरचं हवामान विचारायचे.

शेवटी प्रणितचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"काका, पास! प्रत्येक घड्याळाला तुमचीच चेन. साहेब दिवसभर ती खिट्टीच सरकवत बसलेत. विचारत होते, ही कल्पना सुचली कुठून?"

श्रावणभाऊंनी छाती फुगवली. "असं आहे प्रणित, टर्बाइनमध्ये काम करताना..."

सत्यशीलाबाईंनी नुसतं वर पाहिलं.

"...ते जाऊ दे. बायकोच्या बांगड्यांवरून सुचली. तपासलीबी तिनंच."

"मग माहितीपत्रकात काकूंचंही नाव टाकू?"

बाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि मूठभर तांदूळ जमिनीवर गेले. त्यांना असं गडबडलेलं मी प्रथमच पाहिलं. क्षणभरच. मग त्या फोनजवळ सरकल्या.

"पोरा, तुमी बायाचं घड्याळ बनवता का?"

"नाही काकू. सध्या फक्त पुरुषांचंच."

"बांगड्या बायाच्या, अन् घड्याळ बाप्याइचं?"

मग प्रणित म्हणाला, "काकू, साहेबांना विचारतो."

श्रावणभाऊंनी मात्र कोणाला काही विचारलं नाही. फोन ठेवला, टेबलावरची वही उघडून बाईंच्या मनगटाचा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि मागच्या दाराने शेडमध्ये गेले. थोड्याच वेळात लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

"अवो, आधी जेवून घ्या!" बाई ओरडल्या. पण त्या उठल्या नाहीत, आणि आवाजही फार चढवला नाही.