नानांनी नाकारलेला स्वच्छ चेहरा

“अरे, पुसी टाकं ना तू! बठ्ठं कपाय पुसी टाकं तिनं!” नाना धुळ्याच्या त्या दुकानात असे ओरडले की बाजारातल्या तीन दुकानांची शटरं आपोआप खाली आली. चौथं अर्ध्यावर अडकलं, म्हणून ते मी धरत नाही.

नाना म्हणजे जळगावातले आमचे शेजारी, जुने फोटोग्राफर. उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी येतं ते थेट चहापत्ती टाकावी असं. त्यात फिल्म धुतली तर वरचा थर सुटून चेहरे वाहून जातात. म्हणून नाना माठाच्या गार पाण्यात फिल्म धुवायचे. “या घरात आधी फिल्मची तहान, मग पाहुण्याची,” नानांच्या घरच्या काकू म्हणायच्या. चाळीस वर्षांत निम्मा खानदेश नानांनी कृष्णधवल करून ठेवला. उरलेला निम्मा फोटो काढताना हलला.

एक दिवस शिरपूरच्या वरच्या पाड्यावरून सुमनबाई आल्या. त्या रांगत होत्या तेव्हाच त्यांची आई गेली. नानांनी कधीकाळी पाड्यावर येऊन तिचा फोटो काढला होता, एवढं त्यांच्या कानावर आलेलं. आईचा चेहरा एकदा बघायचा होता. नानांनी सगळे डबे उपसून निगेटिव्ह शोधली. तिला आंबूस वास येत होता, कडा वळल्या होत्या. अजून एक उन्हाळा तिने काढला नसता. फोटो मोठा करायचं जुनं यंत्र केव्हाच गंजलेलं. म्हणून स्कॅनर घ्यायला आम्ही धुळ्याला निघालो. मोटरसायकल माझी, निगेटिव्ह नानांच्या बंडीत, छातीशी. खड्डा आला की नाना छाती धरायचे आणि मला वाटायचं, आलाच झटका.

दुकानदाराने सगळ्यात भारी स्कॅनर दाखवला. धूळ आपोआप काढतो म्हणे. पडद्यावर लोण्यासारखा चेहरा उमटला. मला तर आवडला. नाना ओरडले ते इथे. बाईच्या कपाळावरचं गोंदण यंत्राने धूळ समजून साफ केलं होतं.

“छान तर दिसतंय, नाना,” दुकानदार म्हणाला.

“छान दिसायले ती नटी शे का?” नानांचा आवाज एकदम उतरला. “तिनी पोरनी तिले कधी देखं नही. पहिल्यांदा देखी, ते हाई कोरं कपाय देखी?”

“ही सोय बंद केली तर सगळी धूळ दिसेल.”

“दिसू दे. धूळ मी हातवरी काढसू. गोंदण कोण घाली?”

ती सोय बंद करून नानांनी तीन यंत्रांवर तीच निगेटिव्ह ठेवायला लावली. पदराच्या सावलीतले डोळे कुठे उघडतात, एवढंच ते बघत होते. शेवटी निवडलं सगळ्यात सावकाश यंत्र. एका चेहऱ्याला ते इतका वेळ घ्यायचं, की तेवढ्यात आमच्या जळगावजवळच्या असोद्याला जाऊन भरीत खाऊन यावं, वर एक झोप काढावी.

मग दोन दिवस माऊस सुईसारखा धरून नाना एकेक कण वेचत बसले. एका ठिपक्यापाशी अडले. धूळ की गोंदण, कळेना. तो त्यांनी राहू दिला.

सुमनबाई आल्या. फोटो घेऊन उभ्याच राहिल्या. अंगठा कपाळापाशी नेला, पण टेकवला नाही. नाना जाऊन आता वर्ष होईल, पण त्या दिवशीइतके घाबरलेले नाना मी कधी पाहिले नव्हते.

“काय बाई,” त्यांनी विचारलं, “फोटोमा तुनी माय बरोबर उनी ना?”

“मले काय माहीत, नाना,” त्या म्हणाल्या. “मी कुठे देखेल शे तिले.”