अण्णाच्या कादंबरीतला थोरला

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी भाकरी थापत होते. वहिनीचा आवाज अगदी साधा होता. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत... एवढंच ती बोलली. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. आमचे हे कपाळाला विभूती लावून देवघरातून बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता गॅस बंद केला. त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, कुणाला विचित्र वाटलं तर वाटो. मनात आलं, बरं झालं, हे आणि अण्णा बोलत होते. माझा सख्खा भाऊ गेला होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. रडू नंतर आलं, नांदेडच्या बसमध्ये, आणि मग ते थांबेना.

अण्णा म्हणजे विश्वनाथ. नांदेडच्या एका शाळेत त्यानं जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं शेतात जातात, तीर्थाला जातात, आमचा अण्णा घरात बसून चिंपांझींवर कादंबरी लिहायला लागला. एक सर्कस बुडते, मालक किनवटकडच्या इस्लापूरच्या जंगलात पिंजरे उघडून पसार होतो, आणि त्या चिंपांझींची नातवंडं-पतवंडं बोलायला लागतात. बोलतात ती आपल्यासारखीच, हाव-न्हाई करत. मग त्यांचं एक गाव होतं, शेजारी माणसांचं गाव असतं, आणि दोन्ही गावांत पाण्यावरून लागतं. चिंपांझींच्या गावात एक म्हातारा आहे, सगळे त्याला थोरला म्हणतात. भांडण कुणाचंही असो, निवाडा थोरला करतो. मी बहीण असले तरी खरं सांगते, मधलं पाण्याच्या वाटपाचं प्रकरण मी दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा मला झोप लागली. पण थोरला आला की मी जागी व्हायचे.

पुस्तक आलं आणि जो तो अण्णाला गाठून काही ना काही सुनावायला लागला. शाळेतले एक जुने सहकारी म्हणाले, किनवट तालुक्यात चिंपांझी कुठून आणलेत, निदान नकाशा तरी बघायचा. भजनी मंडळातल्या एका गृहस्थांना त्यात मारुतीरायाची चेष्टा दिसली. अण्णानं त्यांना घरी बसवून, पोहे खाऊ घालून, चिंपांझी आणि आपली वानरं यांच्यातला फरक समजावला. ते पोहे खाऊन तसेच रागात गेले. एका कॉलेजच्या मुलीनं शेवट वाचून रडल्याचं सांगितलं. वाचनालयातल्या बाईंचं म्हणणं, सगळी अक्कल माकडांना देऊन टाकलीत, माणसांच्या वाट्याला काही ठेवलंच नाही. अर्धापूरचा एक केळीवाला शेतकरी तर मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, "सर, आमच्याकडची माकडं घडच्या घड पळवून राहिलीत, अन् तुमची इचारून खातेत. लई शानी दिसतेत ती." अण्णा हे सगळं आम्हाला नक्कल करून सांगायचा. शिव्या सांगताना तर तो जास्तच रंगायचा.

फक्त एका माणसाचं मत त्याला हसण्यावारी नेता आलं नाही, आणि तो माणूस माझा नवरा होता.

झालं असं की, आमच्या ह्यांना एक सवय आहे. पंगतीला बसले की पहिला घास घ्यायच्या आधी प्रत्येक वाटी उचलून नाकाशी नेतात. आमटी असो, कढी असो, हुंगल्याशिवाय तोंडाला लावायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, माझ्या हाताचं काही बिघडलंय की काय. पुढं कळलं, दुकानात दिवसभर धान्य हुंगून भाव सांगायचा, तेच घरी चालू राहतं. अण्णानं ही सवय जशीच्या तशी उचलून थोरल्याला लावली. ह्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण नात्यात बाकी बऱ्याच जणांनी वाचलं होतं. उदगीरला एका लग्नात ह्यांनी कढीची वाटी उचलली आणि पलीकडून कुणीतरी म्हणालं, "बसले का थोरले जेवायला?" सगळी पंगत हसली. आधी ह्यांना कळेना. शेजारच्यानं मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. हे भरल्या ताटावरून उठले.

त्या दिवसापासून नांदेडचं नाव काढायची सोय राहिली नाही. अण्णानं फोन केले, हे उचलत नसत. मला म्हणाले, "तुला जायचं तर जा, मी आडवा येत न्हाई. पण त्यानं मला चार लोकांत माकड केलं, मी त्याच्या उंबऱ्यावर चढणार न्हाई." अण्णालाही कळत होतं. तुझ्या घरात माझ्यापायी कटकट नको म्हणून त्यानं लातूरला यायचं बंद केलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. मला दोघांचाही राग आला होता. एकानं लिहायच्या आधी विचारायला हवं होतं आणि दुसऱ्यानं रागवायच्या आधी वाचायला.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना जावयाचा. सासरच्यांनी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, वाण द्यायचं. आई-वडील नाहीत, म्हणजे बोलावणं अण्णाचं. ते आलं नाही तर नातं तुटलं असंच लोक धरणार, आणि येऊनही हे गेले नाहीत तरी तेच. आमच्याकडं धोंड्याचं आमंत्रण फोनवर देत नाहीत, त्यासाठी दारात यावं लागतं. अण्णा उन्हाचा एसटीनं आला आणि घरी न येता थेट ह्यांच्या आडत दुकानावर गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण एवढं दोघांच्या सांगण्यात सारखं होतं. हे म्हणाले, "मी आलो तर लोक म्हणतेल, विश्वनाथचं माकड आलं." आणि अण्णा म्हणाला, "दाजी, त्या गावात सगळ्यांत शहाणा कोण ते मला लिहायचं होतं. मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवलं न्हाई. वाटी तेवढी लिहायला नको होती... माझं चुकलं."

हे नांदेडला आले. का आले ते विचारायची माझी हिंमत नव्हती. वहिनीनं धोंडे केले होते, वर तुपाची धार, शेजारी कटाची आमटी. अण्णा समोर बसला होता. ह्यांनी पाणी फिरवलं, आमटीची वाटी उचलली आणि सवयीनं नाकाशी नेली... कुणी हललं नाही. वहिनीच्या हातात वाढायचा चमचा तसाच राहिला. अण्णा आपल्या ताटात बघत बसला. वाटी नाकाशी असतानाच ह्यांच्या लक्षात आलं, आणि हे असे हसायला लागले की आमटी धोतरावर सांडली. अण्णाही हसला, मग सगळेच. हसता हसता मीच स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. परतताना ह्यांनी स्वतःहून पुस्तक मागून घेतलं. पुढं बरेच दिवस दोघांचं फोनवर त्या पाण्याच्या वाटपावरून चालायचं. थोरल्यानं वरच्या आळीला जास्त पाणी द्यायला नको होतं, असं ह्यांचं ठाम मत.

अण्णाला जाऊन आता काही आठवडे झाले. पुस्तकाच्या मागच्या पानावर त्यानं आपला मोबाइल नंबर छापला होता. दिवसकार्य झाल्यावरही वाचकांचे फोन यायचे आणि वहिनी प्रत्येक रिंगला रडायची. नंबर बंदच करून टाकू म्हणाली. तेव्हा हे म्हणाले, "बंद करू नका. माझ्याकडं द्या तो." तेव्हापासून अण्णाचा फोन आमच्याकडं असतो. दिवसा दुकानावर, संध्याकाळी दारातल्या खुर्चीपाशी. कुणी स्तुती करतं, कुणी खडसावतं, हे सगळ्यांचं ऐकून घेतात. लेखक वारले हे सावकाश, शेवटी सांगतात.

परवा संध्याकाळी देवणीहून एकाचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मला आतपर्यंत ऐकू येत होतं. बाकी पुस्तक ठीक आहे म्हणाला, पण तो थोरला मला बिलकुल पटला नाही, एवढं समजूतदार जगात कोण असतं? ह्यांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

मग म्हणाले, "मलाबी पटायला लई येळ लागला. बोला, थोरलाच बोलून राहिलो."