सुभेदारांची चूक माझी होती

रोज सकाळी साडेसातला आमची रेडिओवर हजेरी होते. ग्वाल्हेर आणि आसपासचे हौशी रेडिओवाले एकेक करून बोलतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. त्या दिवशी सुभेदारांचा नंबर आला आणि कोणी बोललं नाही. पुन्हा पुकारलं. खरखर... मग त्यांच्या सुनेचा, सुषमाचा आवाज आला. “मी सुषमा बोलतेय. बाबा पहाटे गेले.” पुढे कोणी बटण दाबलं नाही. 

सुभेदारांचं नाव दिनकरराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तिथे बिनतारी संदेशाचं काम करत. घर ग्वाल्हेरातच, मुरारला. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टोपी बाजारात. ते आले एक जुना सेट घेऊन, तो दुरुस्त झाला तरी येतच राहिले. माणसं जमवण्याचा नाद होता त्यांना. पूर आला, फोन बंद पडले की रेडिओवर निरोप पोचवायचे, फुकट, स्वतःच्या खर्चाने. त्यासाठी शिंपी, दूधवाला, कॉलेजातला मास्तर, जो दिसेल त्याला धरत. मला म्हणाले, “मिस्त्री, दुनियेचे सेट बोलते करता, स्वतः कधी बोलणार?” मी म्हटलं, “मी चौथी शिकलेला. लायसन्सच्या परीक्षेला बसून या वयात हसं करून घेऊ?” ते म्हणाले, “हसतील ते नापास होतील.” दोनदा मीच नापास झालो. तिसऱ्यांदा पास झालो तेव्हा त्यांनी बाजारात पेढे वाटले. मला लाज वाटली, आणि छाती फुगली तीही खोटी नाही.

शिकवताना त्यांचा एक नियम होता. आलेला निरोप आपल्या शब्दांत परत सांगायचा, मगच ‘समजलं’ म्हणायचं. मला ते पटलं नाही. मी काय शाळेतलं पोर आहे धडा म्हणून दाखवायला? माझा कान पक्का होता, ग्वाल्हेरच्या सगळ्या लष्कर भागात माझ्यासारखा कान नव्हता, हे मी आजही म्हणतो. ते टोकत, मी हट्टाने तसाच बोलत राही.

मग सिंध नदीला पूर आला. मी नदीकाठच्या एका गावात देवळाच्या ओट्यावर हातातला सेट घेऊन उभा, सुभेदार ग्वाल्हेरला नियंत्रणाच्या टेबलावर. समोर पाण्यापलीकडे शाळेच्या गच्चीवर सतरा माणसं, त्यात पाच लेकरं. मोबाइल बंद. सुभेदारांनी आधी त्यांची नावं मागितली. सरपंच सांगत गेला, मी ओल्या कागदावर कशीबशी उतरवत गेलो. तेवढ्यात सेटवर सुभेदारांचा आवाज आला, “मिस्त्री, नाव मिळाली का?”

इथे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक होडीला होडी म्हणत नाही, हिंदीसारखं नावच म्हणतो. ते विचारत होते, नाव मिळाली का, तिथेच एखादी बोट मिळाली का. मी ऐकलं, नावं मिळाली का. त्या खरखरीत शेवटचा अनुस्वार कोणाला ऐकू येणार? मी छाती काढून सांगितलं, “मिळाली! सतराही मिळाली!” ते म्हणाले, “शाब्बास,” आणि दुसऱ्या गावाशी बोलायला लागले. मी यादी हातात धरून वाट बघतोय, आता म्हणतील वाचा... तिकडे त्यांनी बचावकामाच्या साहेबांना सांगितलं, सतरा जण बोटीत बसले. आमच्याकडे निघालेली बोट अर्ध्या वाटेतून दुसरीकडे वळवली.

दोन तास. पाणी गच्चीच्या कठड्यावरून आत आलं. बायकांनी लेकरं खांद्यावर घेतली. त्यातली एक लुगडं फडकवत माझ्याकडे ओरडत होती, आणि मी इकडून ओरडत होतो, “येतेय, येतेय!” शेवटी सरपंचाने माझा दंड धरला. “अरे चचा, पूछो तो सही!” मी सेटवर सुभेदारांना विचारलं, बोट कुठे आहे. ते एवढंच बोलले, “पाठवतो.” बोट आली, सतराही उतरले. पण त्या दोन तासांतून मी अजून उतरलेलो नाही.

पुढे चौकशीची बैठक झाली. साहेबांनी विचारलं, बोट मिळाल्याचं कोणी कळवलं? मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. मी उठलो नाही. सुभेदार उठले, म्हणाले, “टेबलावर मी होतो. चूक माझी.” त्यांना नियंत्रणावरून कायमचं काढलं. परतताना पडाव भागातल्या चहाच्या टपरीवर मी विचारलं, कशाला घेतलंत अंगावर? म्हणाले, “तुम्ही सेट ठेवून घरी बसला असता, मिस्त्री. असा कान मी कुठून आणणार?” मी चहा प्यायलो. सहा वर्षं गप्प राहिलो.

शोकसभेत एक जण म्हणाले, “पुरात त्यांच्या हातून एक चूक झाली, पण माणूस मोठा.” तो ‘पण’ मला रात्रंदिवस टोचला. पुढच्या रविवारी सुभेदारांच्या घरी, बैठकीच्या खोलीत आमचा रेडिओचा वर्ग भरला तेव्हा मी उभा राहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं.  मग कॉलेजवाला मास्तर म्हणाला, “काका, मग यापुढे नियंत्रणाच्या टेबलावर तुम्ही नको.” मी भांडलो नाही. पहिल्यांदाच.

आता सुषमाने मला दाराजवळची सुभेदारांची खुर्ची दिली आहे, नवीन माणसांचे अर्ज घ्यायला. येईल त्याला मी एकच निरोप ऐकवतो, गच्चीवर सतरा जण आहेत, नाव कळवा. दहा जणांनी अडखळल्याशिवाय परत म्हणून दाखवला, उलट विचारलं कोणीच नाही. परवा एक ऑटोवाला आला. ऐकून डोकं खाजवत म्हणाला, “काका, नाव यानी? नाम, की बोट?”

मी अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, “बसा.”