झुबाऱ्याला पाणी कुणी पाजलं?

भूतखेतं, करणी, बाहेरचं वारं... असल्या गोष्टींना मी कायम हसत आले. नाशिकला माहेरी कुणी तो विषय काढला, की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण सांगते.

वर्ल्ड कपच्या आधीची दिवाळी. दोहात जिकडे बघावं तिकडे खोदकाम आणि डायव्हर्जन. आम्ही मदिनत खलीफा भागात राहायचो, नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टवर. शेजारच्या व्हिलात केतकी — स्टेडियमच्या साइटवर इंजिनिअर, कायम हसरी. माझी नऊ वर्षांची इरा सदा तिच्याकडे पडीक. मी हाक मारली की "कमिंग, मम्मा", आणि केतकीशी मात्र घडाघडा मराठी! माझ्या पोटात दुखायचं, दुसरं काय.

आमच्या मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा होती. म्हटलं, यंदाचा किल्ला मायलेकींचा, केतकीचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. सगळे रायगड करणार, म्हणून मी झुबारा निवडलं — तिथलंच, दोहाच्या उत्तरेकडचं जुनं तटबंदीचं शहर, आता नुसते अवशेष. अठराव्या शतकात त्याचं बहरीनच्या सत्तेशी वैर पेटलं आणि त्याला वेढा पडला. गोडं पाणी यायचं तटाबाहेरच्या विहिरींतून, तेव्हा आतल्यांचे काय हाल झाले असतील... किल्ल्याला माती तिथलीच हवी म्हणून मी त्या अवशेषांच्या कुंपणाबाहेरून पिशवीभर उचलून आणली. तिथेच चुकलं, असं आता वाटतं.

पोर्चमध्ये तट उभा केला, घरातले मावळेच अरब म्हणून आत बसवले, आतबाहेर अळीव पेरले. रोज सकाळी तांब्याने पाणी घालायचे. बाहेरचे अळीव मस्त तरारले. आत मात्र पाणी पडलं की गडप, आणि माती कोरडी ठणठणीत! पुन्हा पेरले. पुन्हा तेच.

वसुबारसेच्या सकाळी इरा तटापाशी बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, त्यांना तहान लागलीय. तुझ्या हातचं ते पीत नाहीत. केतकी मावशीला बोलव ना."

आई! किती दिवसांनी माझ्याशी मराठीत बोलली, आणि बोलली काय, तर हे. मी तडकलेच. "काही नको तिला बोलवायला! तिचं काय आहे इथे?"

इरा रडली नाही. पण तिचे ओठ कोरडे पडले होते, भेगाळलेले. पाण्याचा ग्लास पुढे केला तर तिने तो दूर सारला. दुपार झाली तरी थेंब घेईना. ताप नाही, घसा दुखत नाही, काही नाही. शेवटी मीच केतकीला फोन केला.

ती साइटच्या बुटांनिशीच धावत आली. इराने तिच्या हातात माझाच तांब्या दिला. केतकीने तटाच्या आत पाणी ओतलं... आणि माती भिजली. खूप माणसं एकदम घटाघटा पितायत, असा आवाज आम्ही तिघींनी ऐकला.

"ताई, हे काय होतं?" केतकीचा चेहरा पांढराफटक. इराने उरलेलं पाणी तांब्यालाच तोंड लावून संपवलं.

दुसऱ्या दिवशी आत अळीव उगवले. नवरा म्हणतो, माती खारट असेल, पोरीला पित्त झालं असेल. असेलही. दिवाळी झाल्यावर मी ती माती झुबाऱ्याला नेऊन टाकली.

माझ्या हातचं पाणी त्यांना का चाललं नाही, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. तांब्या माझा, पाणी माझ्या घरचं, रोज घालणारीही मीच... आणि तहानेने जीव जायची वेळ आली, तरी सगळ्यांनी वाट पाहिली ती केतकीचीच.