गेस्टच्या नावावरचे बळी

अन्याय झाला तो इथे आखातात, बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहणाऱ्या, इमारतींना परांची बांधणाऱ्या एका माणसावर. गेल्या शुक्रवारी, सकाळी साडेदहाला, अल रय्यानमधल्या एका व्हिलात, पोहे संपून चहा यायच्या आत. आमच्या टेनिस बॉल लीगचा आजवरचा सर्वोत्तम गोलंदाज निवडून त्याला कप द्यायला समिती बसली होती. एक इंजिनियर निवडला गेला. सगळ्यांत जास्त हंगाम, सगळ्यांत जास्त बळी. परांचीवाला यादीतही नव्हता.

मी तिथे होतो. कॉलेजात पत्रकं लिहून हात आणि तोंड दोन्ही सुटलेलं, त्यामुळे गप्प बसवेना. ऑफिसात माझ्या शेजारी बेसबॉलचं वेड असलेला एक अमेरिकन बसतो. तिकडे पिचरची, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाची, तुलना करताना दोन हिशेब शेजारी मांडतात, हे त्याने मला शिकवलं: अख्खी कारकीर्द एकीकडे, ऐन भरातली मोजकी वर्षं दुसरीकडे. कुणी टिकला म्हणून मोठा, तर कुणी थोडाच खेळला, पण तेवढ्यात कुणाला उभं राहू दिलं नाही, म्हणून मोठा. परांचीवाल्यासाठी मी तेच समितीपुढे ठेवलं.

समितीचे प्रमुख काका म्हणाले, "अरे, टिकणं हा गुण नाही का?"

"काका, इथे टिकायला फॅमिली व्हिसा लागतो. परांचीवाला तीनच हंगाम खेळला, कारण मधे कंपनीने त्याला घरी पाठवलं होतं."

"बरं. त्या तीन हंगामांचे आकडे दाखव. डेटावाला ना तू? यल्ला, चल लवकर."

मी स्कोअरचं ॲप उघडलं. त्याच्या नावावर एकही बळी नव्हता.

ॲपमध्ये खेळाडूचं खातं काढायला मोबाईल नंबर लागतो. कॅम्पातली माणसं बसमधून उतरून थेट मैदानात यायची. कोण नंबर विचारत बसणार? 'गेस्ट' दाबायचं आणि पहिला चेंडू टाकायला सांगायचं. त्याचे तिन्ही हंगाम असे गेस्टच्या नावावर गेले. आणि त्यातल्या बहुतेक शुक्रवारी स्कोअर टिपायचा फोन माझ्या हातात होता. इंजिनियरांची खाती मीच फोटोसकट काढली होती.

"म्हणजे आपला सर्वोत्तम गोलंदाज गेस्ट," कोणीतरी म्हणालं. "बघ, एकूण बळींतही तोच पहिला असेल." सगळे हसले. काका म्हणाले, "खलास. पुढचा विषय."

दुपारी मी कॅम्पावर गेलो. तो कपडे वाळत घालत होता. झालेलं सगळं सांगितलं, माझी चूकही.

"कपाचं ऱ्हाऊ द्या, भाऊ," तो म्हणाला. "मला कागद पायजे. महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय. गावाकडं तालुक्याला क्रिकेट शिकवायला माणूस पायजे म्हणतेत. इथं काय खेळलास ते लेखी आण म्हणाले." मग चिमटा लावत म्हणाला, "तुमी फोनवर टिपत होता, तवा मला वाटायचं, माझंच नाव लिहू लागले."



तेव्हापासून मी जुने सामने उघडून बसतो. कोणता गेस्ट तो आणि कोणता दुसरा कुणी, हे ॲप सांगत नाही. बाद झालेला फलंदाजच सांगू शकतो. चार जणांना फोन केले. एक म्हणाला, "मी शून्यावर गेलो हे लिहून देऊ? ग्रुपवर महिनाभर खेचतील मला." दुसऱ्याला आठवतच नव्हतं. दांडी उडाल्यावर पंचांशी हुज्जत घालत बसला होता, ते मात्र मला आठवतं.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय, त्या मैदानावर खेळलेल्या प्रत्येकाला. तुमचं खातं उघडा. तुम्हाला बाद करणारा जिथे जिथे 'गेस्ट' आहे, तो सामना आठवा. डावखुरा होता? चेंडू पायाशी पडून आत वळला होता? मग कागदावर लिहा की मला यानेच बाद केलं, खाली सही करा, आणि तो विमानात बसायच्या आत कागद माझ्याकडे द्या.