तार न जोडलेलं मीटर

आमच्याकडे म्हशीचं दूध आटलं तरी लोक भानामती म्हणतात. मी अशांना आयुष्यभर हसत आलो. लष्करात विमानांची मीटरं दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी सरली... काटा हलला म्हणजे त्यामागे कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. तरीही हे लिहितोय, कारण आता ऐंशीला टेकलोय आणि एक खोटं इतकी वर्षं माझ्यापाशीच होतं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची, हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावची. तिथले मोठे शेतकरी दत्तराव. त्यांचा मुलगा बालाजी बाहेरून विमान चालवायला शिकून आला होता. त्यानं सुट्या भागांचं किट मागवलं आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटचं छोटं विमान जोडलं. परवानग्या कुठवर आल्या होत्या ते मी विचारलं नाही. मला बोलावलं होतं ते एका मीटरसाठी – इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या.

त्याचा सेन्सर टिकेना. नवा बसवला की थोडा वेळ ठीक, मग काटा एकदम लाल खुणेवर... आणि इंजिन मात्र कोमट! काढलेला सेन्सर मी वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलात उकळत्या पाण्यात बुडवून तपासायचो. तिथे अगदी बरोबर. परत बसवला की तेच. वायर बदलली, अर्थिंग बदललं, मीटरसुद्धा बदललं. काही उपयोग नाही.

दत्तराव समोर खुर्ची टाकून बसायचे. "काय फौजी, देशाची इमानं अशीच उडवली का तुमी? याहून आमचा ट्रॅक्टरचा मिस्त्री बरा की!"

भोवतालचे हसायचे. त्यातच उडवायचा दिवस ठरला, पाहुण्यांना निरोप गेले. आदल्या दिवशी सगळे जेवायला गेलेले असताना मी सेन्सरची तार सोडवली आणि टेप गुंडाळून बाजूला बांधली. मीटरच्या मागे एक बारका रेझिस्टर टाकला. त्यानं काटा कायम मधोमध राहतो – इंजिन जळालं तरी.

"झालं काम," मी म्हणालो.

"मंग पहिले तुमीच बसा काका!" दुसऱ्या दिवशी बालाजीनं चारचौघांत माझा हात धरला. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

खांद्याला खांदा, छातीवर पट्टा, गुडघे पॅनलला टेकलेले. वर गेलो. खाली केळीच्या बागा, मग फाट्यावरचे पत्रे. काटा मधोमध. आणि मग तो निघाला... आधीसारखी उडी नाही. हळूहळू, खरोखर तापणाऱ्या इंजिनाचा चढतो तसा. बाकीची मीटरं जागच्या जागी. त्या काट्याला इंजिनाची खबर पोचायला वाटच नव्हती, ती मीच तोडली होती.

"काका, चढून राहिला बघा!"

खरं सांगितलं तर अब्रू गेली. नाही सांगितलं तर हा उगाच कुठंतरी उतरवणार. आणि उठून जायला जागा नाही. मी ओरडलो, "सेन्सरच गेलाय रे! चालव तू!"

"न्हाई काका. तुमी बसवलेला खोटं बोलायचा न्हाई." असं म्हणून त्यानं सोयाबीन काढलेल्या एका रानात विमान उतरवलं.

इंजिनाचं झाकण उघडलं. पाण्याचा पाइप निसटला होता, आत थेंब उरला नव्हता. जवळ हात नेववेना. आणखी थोडं गेलो असतो तर इंजिन हवेतच जाम झालं असतं.

दत्तरावांनी मला टॉवेल-टोपीचा आहेर केला. "फौजी, माझं लेकरू वाचवलं तुमी. बोललो ते पोटात घाला." मी मान खाली घालून तो घेतला.

दुसऱ्या दिवशी खरा सेन्सर जोडावा म्हणून शेडमध्ये गेलो. पॅनल उघडलं. रेझिस्टर जागेवर, शाबूत. सोडवलेली तार टेपमध्ये तशीच. तेवढ्यात बालाजी आला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेत हसला, "राहू द्या काका. या मीटरला आता कोणी हात लावायचा न्हाई." त्यानं मीटरला हळदीकुंकू लावलं होतं.

त्यानंतर शेडची किल्ली तो स्वतःकडेच ठेवू लागला. घरावरून त्याच्या विमानाचा आवाज गेला की तो परत येईपर्यंत मी अंगणात उभा. पुढे त्यानं विमान परगावच्या माणसाला विकलं. देताना म्हणाला, "सगळं बदला, हे मीटर तेवढं बदलू नका." मी शेजारीच होतो. तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात बालाजीला घरी बोलावून सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं,

"मंग काका... त्या दिवशी आपल्याला सांगितलं कोणं?"

विकत घेणाऱ्याचा नंबर आम्ही रोज लावतो, लागत नाही. ते विमान आज कुणाकडेही असो – पाण्याच्या मीटरमागची तार आधी बघा. ती इंजिनापर्यंत जात नाही.